आठ मायक्रॉन

पत्र धाकट्यानं लिहिलं होतं आणि खाली सही थोरलीनं करायची होती.

"वाच आणि टाक सही," असं म्हणून त्यानं तो कागद तिच्या टेबलावर, तुटलेल्या व्हॉल्व्हच्या शेजारी ठेवला. "शनिवारी रायडर येणार आहे न्यायला."

थोरलीनं फडक्याला हात पुसले आणि वाचायला घेतलं. ‘आमच्या वर्कशॉपमधील महिला कारागिराच्या अनवधानाने व्हॉल्व्ह चुकीच्या पद्धतीने बसवले गेले. झाल्या प्रकाराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. यापुढे शर्यतीच्या इंजिनांचे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवले जाईल.’ खाली सहीसाठी टिंबांची रेघ मारलेली होती. कधी नव्हे ते धाकट्यानं एखादं काम इतकं नीटनेटकं केलं होतं.

"अनुभवी कारागीर म्हणजे कोण?"

"बघू. पुलापलीकडच्या वर्कशॉपातला एक जण यायला तयार आहे."

"आणि मी?"

"तू काउंटर सांभाळ ना, ताई. पार्टची ओळख तुझ्याइतकी कुणाला आहे? शिवाय तिथं पंखा आहे."

पंखा! चौदा वर्षं इंजिनांची हेड, म्हणजे वरचे भाग, उघडून, घासून, मोजून, बंद करून तिच्या बोटांच्या टोकांची कातडी गुळगुळीत झाली होती, आणि हा तिला पंख्याचं आमिष दाखवत होता. चौदा वर्षांपूर्वी हा शाळेच्या दप्तरात कैऱ्या लपवून आणत होता. तिनं कागद उलटा करून ठेवला, नाहीतर तो तिथंच फाडला गेला असता.

झालं होतं ते असं. गेल्या रविवारी शर्यतीच्या शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना रायडरच्या मोटरसायकलचं इंजिन भर वेगात जाम झालं. मागचं चाक अडकलं, गाडी आडवी पडली आणि रायडरचं खांद्याजवळचं हाड मोडलं. इंजिन उघडलं तेव्हा एका व्हॉल्व्हची मान तुटलेली, पिस्टनला भोक पडलेलं. व्हॉल्व्ह टायटॅनियमचे होते. चारांचा संच, या वर्कशॉपात आलेला पहिलाच, आणि तो थोरलीनं बसवला होता. तेवढं कळल्यावर पुढचं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं. शर्यतीच्या क्लबानं लेखी खुलासा मागितला, आणि तो मिळेपर्यंत या वर्कशॉपातलं एकही इंजिन मैदानावर उतरणार नाही असं कळवलं. तो खुलासा म्हणजेच हे पत्र.

व्हॉल्व्ह म्हणजे इंजिनाच्या हेडमधली झडप. हवा-पेट्रोल आत घ्यायची आणि धूर बाहेर सोडायची हे तिचं काम, आणि शर्यतीच्या इंजिनात ती मिनिटाला सहा-सात हजार वेळा उघडते-मिटते. पोलादी व्हॉल्व्ह जड. वेग फार वाढला की स्प्रिंगला तो वेळेवर मागे ओढता येत नाही. टायटॅनियमचा व्हॉल्व्ह वजनाला पोलादाच्या निम्म्याहून थोडासाच जास्त, म्हणून तो त्या वेगातही इमानानं जागेवर परत येतो. पण या धातूला एक खोड आहे. उघडा धातू दुसऱ्या धातूवर घासला की तो त्याला चिकटतो, ओरबाडतो, आणि एकदा चिकटला की सोडत नाही. म्हणून त्याच्या अंगावर काही मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश जाडीचा, एक कडक लेप दिलेला असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून काय ते समजावं. तो लेप आहे तोवर सगळं ठीक. लेप गेला की झडप उघडीच अडकते, वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो आणि संपलं.

आता पोलादी व्हॉल्व्हची रीत अशी, की त्याच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची, रबरी टोपीच्या दांडीला तो चिकटवायचा आणि तळहातांमध्ये ती दांडी गरगर फिरवून व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीवर, घासायचा. घासून घासून दोघांची कड जुळते आणि मग एक थेंबही गळत नाही. टायटॅनियमला हे चालत नाही. तिथं सीट मशीनवर नेमकी कापायची आणि व्हॉल्व्हला पेस्ट दाखवायचीसुद्धा नाही. थोरलीनं हे सारं संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेतून दोनदा वाचून काढलं होतं, आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘हे व्हॉल्व्ह घासू नयेत’ असं लिहून पुठ्ठा टेबलाच्या वर टांगला होता.

तो पुठ्ठा उस्तादांनीही वाचला होता. उस्ताद म्हणजे तिचे वडील. चाळीसहून जास्त वर्षं त्यांनी इंजिनांची हेड केली होती, आणि रस्त्यापलीकडे उभं राहून चालत्या गाडीचा कितवा व्हॉल्व्ह गळतोय ते सांगायचे. गावातले लोक त्यांना उस्ताद म्हणत, आणि धाकटाही गिऱ्हाइकांसमोर तेच म्हणे.

"घासायचा नाही?" पुठ्ठा वाचून ते हसले होते. "मग बसायचा कसा? विनंती करून?"

अपघातानंतर मात्र ते हसले नाहीत. "मी तेव्हाच म्हटलं होतं, हा धातू आपल्या कामाचा नाही," असं म्हणून ते चष्मा पुसत बसले. पत्राबद्दल विचारल्यावर म्हणाले, "धाकटा बघतोय ना ते." थोरलीला रायडरनं फोनवर सुनावलेलं झोंबलं नव्हतं, धाकट्याचं तर नाहीच. पण ज्या माणसानं तिला हातात दांडी देऊन हे काम शिकवलं, त्यानं एकदाही ‘माझी पोर असं करणार नाही’ म्हणू नये, हे तिच्या जिव्हारी लागलं.

"शनिवार म्हणालास ना?" तिनं धाकट्याला विचारलं. "मग शनिवारी बघू सहीचं."

"ताई, उगाच ताणू नकोस."

"मी ताणत नाहीये. मी मोजतेय."

आणि तिनं खरंच मोजायला घेतलं. चार व्हॉल्व्हपैकी तीन शाबूत होते. ते तिनं धुतले, पुसले, खिडकीजवळच्या उजेडात मांडले आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला. तिची एक जाड वही होती. आलेल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या दांड्याची जाडी ती तीन ठिकाणी मोजून वहीत लिहून ठेवायची. धाकटा त्या वहीला ‘ताईचं आत्मचरित्र’ म्हणायचा. या संचाच्या पानावर लिहिलं होतं: चार पूर्णांक नऊशे पंच्याहत्तर मिलिमीटर, चारही व्हॉल्व्ह, तिन्ही ठिकाणी.

आता मायक्रोमीटर नऊशे सदुसष्ट सांगत होता. आठ मायक्रॉन कमी.

तिनं मायक्रोमीटर पुसून पुन्हा लावला. तेच. एका शर्यतीत दांडा झिजला असेल म्हणावं, तर दांडा ज्यातून वर-खाली सरकतो त्या गाईडच्या नळीत जो भाग घासतो तेवढाच झिजायला हवा होता. पण नळीच्या वर, जिथं कशाचाच स्पर्श होत नाही, तिथंही आठ मायक्रॉन गायब होते. आणि व्हॉल्व्ह उलटा धरला तर कडेला फिकट करड्या रंगाचं एक कडं, अगदी एकसारखं, गोल, सुबक. पेस्टनं घासल्याशिवाय असं कडं येत नाही.

कुणीतरी तिचे व्हॉल्व्ह घासले होते. नुसती कड नाही, दांडेसुद्धा कागदानं घासून काढले होते. करड्या धातूवरचा करडा लेप, त्यावर तेलाचा हात. नंतर बसवताना तिला ते दिसलं नव्हतं. उचलला, तेल लावलं, सोडला गाईडमध्ये. तेवढा दोष माझा, तिनं मनात कबूल केलं, पण तेवढाच.

तिला पहिल्यांदा आठवला तो धाकटा. व्हॉल्व्ह बसवले त्या दिवशी सकाळी वर्कशॉपची जाहिरात करायची म्हणून तो मोबाईलनं या व्हॉल्व्हचे फोटो काढत होता, आणि त्याला चकाकीचं वेड. ती तडक काउंटरवर गेली. तिथं दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी थांबली नाही.

"फोटोसाठी चकचकीत केलेस ना व्हॉल्व्ह? खरं सांग!"

"कोणते व्हॉल्व्ह?"

"एका माणसाचं हाड मोडलंय आणि तू मला सही करायला लावतोयस! पॉलिश कुणी मारलं?"

"आईशप्पथ, ताई, मी हातसुद्धा लावला नाही. ते कुठल्या बाजूनं धरायचे हे तरी मला माहीत आहे का?"

हे इतकं खरं होतं की तिला विश्वास ठेवावाच लागला. गिऱ्हाइकं छताकडे बघत होती. ती मागे वळली तेव्हा लेथवाले काका मशीन बंद करून तिच्याकडे बघत उभे होते. काका वर्कशॉपातले सगळ्यात जुने, आणि दिवसाकाठी दहा वाक्यं बोलले तर त्या दिवशी काहीतरी विशेष आहे असं समजायचं.

"पोरी," ते म्हणाले, "तुला खरंच ठाऊक नाही?"

"काय?"

"तू जेवायला गेलीस की उस्ताद तुझ्या टेबलावर बसतात. व्हॉल्व्हवर हात फिरवतात."

"कोणत्या व्हॉल्व्हवर?"

"तू केलेल्या. मला वाटलं, तुमच्यात तसं ठरलेलं आहे."

"कधीपासून, काका?"

काकांनी थोडा विचार केला. "पहिल्यापासून," ते म्हणाले आणि त्यांनी लेथ पुन्हा सुरू केला, कारण त्यांना तिचा चेहरा बघवेना.

या वर्कशॉपात उस्तादांचा एक नियम होता. हेड जेवणाआधी बंद करायचं नाही. सगळं काम उरकायचं, व्हॉल्व्ह धुऊन लाकडी ठोकळ्याच्या भोकांमध्ये क्रमानं उभे करायचे, वर फडकं टाकायचं, जेवून यायचं आणि मगच ते बसवून हेड बंद करायचं. भुकेला हात घाई करतो, असं उस्ताद सांगत. थोरलीनं हा नियम चौदा वर्षं पाळला होता. दुपारी एक वाजला की ते म्हणायचे, "तू हो पुढे. मला भूक नाही अजून." घर दहा मिनिटांवर होतं. ती जाऊन जेवून यायची, मग ते जायचे. आमचे बाबा मला आधी जेवायला धाडतात, असं तिनं मैत्रिणींना किती वेळा कौतुकानं सांगितलं असेल, त्याची गणती नव्हती.

आणि इतकी वर्षं ती घरात पहिला घास घेत असताना इकडे तिचं काम पुन्हा केलं जात होतं. पोलादाचा व्हॉल्व्ह दोनदा घासला काय नि तीनदा घासला काय, त्याला काही होत नाही. कड्यावर कडं उमटतं आणि कुणाला ताकास तूर लागत नाही. टायटॅनियमला दुसरा हात सोसला नाही, म्हणून हे बाहेर आलं. नाहीतर हे गुपित उस्तादांबरोबरच गेलं असतं आणि ती जन्मभर बापाच्या मायेचे गोडवे गात राहिली असती.

उस्ताद मागच्या मोरीवर साबणाच्या भुकटीनं हात धूत होते. ती तीन व्हॉल्व्ह, मायक्रोमीटर आणि वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हे तुम्ही घासलेत?"

उस्तादांनी हात झटकले. ते मुळीच ओशाळले नाहीत. "घासले. तू विसरली होतीस."

"विसरले नव्हते! पुठ्ठा टांगला होता मी, तुमच्या नाकासमोर!"

"पुठ्ठा काय, कुणीही टांगतं. मी एकेक गाईडमध्ये घालून बघितला. दांड्यावर काहीतरी खरखर लागत होती. कारखान्यातला मळ राहिला असेल म्हणून बारीक कागद फिरवला. लोण्यासारखे गुळगुळीत झाले होते, माहीत आहे? मी हात फिरवला म्हणून तर इतक्या फेऱ्या तरी चालले."

"ती खरखर म्हणजे लेप होता, बाबा."

"असला कसला लेप?"

तिनं बोलणं थांबवलं आणि मायक्रोमीटर त्यांच्या हातात दिला. उस्ताद माणसांचं ऐकत नसत, पण मापाचं ऐकत. त्यांनी हात कोरडे केले, व्हॉल्व्ह घेतला, नळीच्या वरच्या भागावर मायक्रोमीटर लावला आणि आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला. मग वही वाचली. मग पुन्हा आकडा. दुसरा व्हॉल्व्ह मोजला, तिसरा मोजला. नळातून पाणी तसंच वाहत होतं. शेवटी त्यांनी नळ बंद केला आणि मोरीच्या कट्ट्यावर बसले.

"म्हणजे ते पोर माझ्यामुळे पडलं," ते म्हणाले.

"हो."

थोरलीला वाटलं होतं, हे शब्द ऐकले की आपला राग उतरेल. तो चढला.

"किती हेड घासलीत माझी?"

"असं मोजलंय कुणी..."

"एक तरी सोडलंत?"

उस्तादांनी खरंच आठवून बघितलं. "नसेन सोडलं," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी तुझे दोनदा गळत होते. तुला लागू नये म्हणून बोललो नाही. मग बघायची सवयच लागली."

"आणि त्यानंतर? त्यानंतर कधी सापडली चूक?"

"नाही."

"तेरा वर्षांत एकदाही नाही?"

"नाही."

"मग थांबला का नाहीत?"

"लोक इंजिन माझ्या नावावर देतात, पोरी," उस्ताद म्हणाले. हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं.

"तुमच्या नावावर," ती म्हणाली. "बरोबर. नाव तुमचं, हात तुमचा, आणि मोडतोड झाली की महिला कारागिराचं अनवधान! बाबा, मला वाटत होतं मी हजारभर हेड केलीत. रस्त्यात एखादी गाडी गोड आवाजात निघून गेली की मी थांबून बघत असे, ही माझी म्हणून. त्यातलं माझं कोणतं आणि तुमचं कोणतं, हे आता मला कोण सांगणार? एकसुद्धा काम तुम्ही माझं म्हणून शिल्लक ठेवलं नाहीत. चोरांनीसुद्धा काहीतरी मागे ठेवलं असतं!"

तिचा आवाज समोरच्या टायरवाल्यापर्यंत गेला असावा, कारण तिकडची हातोडी थांबली. उस्तादांनी मान वर केली नाही. त्यांच्या बोटांच्या सांध्यांत काळं ग्रीस कायमचं मुरलेलं होतं. ते हात बघून एरवी तिचं मन मऊ व्हायचं. आज ती ठरवून दुसरीकडे बघत राहिली.

संध्याकाळी घरी प्रकरण आईपर्यंत गेलं. धाकट्याला वस्तुस्थिती कळली होती, त्याचा चेहरा जरा उतरला होता, पण पत्र अजून त्याच्या खिशात होतं.

"हे बघ," जेवायला बसल्यावर आई हळूच म्हणाली, "तू घरातली मोठी. समजून घ्यायला हवंस. त्यांचं सगळं आयुष्य त्या नावावर गेलं. या वयात बाहेर कळलं तर ते उभे राहतील का? तुझं काय, दोन महिन्यांत लोक विसरतील."

"म्हणजे माझं नाव विसरण्यासारखं आहे, म्हणून ते वापरायचं?"

"तसं नाही गं..."

"तसंच आहे, आई. हा मला पंख्याखाली बसवणार, पुलापलीकडचा माझ्या टेबलावर बसणार, आणि मी काउंटरवरून त्याला नट-बोल्ट काढून देणार. कशासाठी? तर ज्यांनी मला कधी एक हेड एकटीला करू दिलं नाही, त्यांचं नाव राहावं म्हणून!"

"ताई, वर्कशॉप चालायला हवं की नको?" धाकटा म्हणाला. "उस्तादच चुकले असं कळलं तर कोण येईल आपल्याकडे?"

"आणि मी चुकले असं कळलं तर माझ्याकडे कोण येईल?"

धाकटा भाकरी मोडत राहिला, आणि ते पाहून ती आणखी भडकली. "मी सही करणार नाही. शनिवारी बाबा स्वतः रायडरला सांगतील. नाही सांगितलं तर मी सांगेन, वही आणि पुठ्ठा समोर ठेवून. मग कुणी उभं राहो नाहीतर बसो."

उस्ताद ताटात बघत जेवत होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, आणि ताटावरून उठले.

शनिवारी सकाळी दहाला रायडर आला. उजवा हात गळ्यात बांधलेला, गालावर खरचटल्याची खपली. धाकट्यानं खुर्ची पुढे केली, चहा सांगितला, तब्येत विचारली, हवापाण्यावर बोलून झालं. लेथवाल्या काकांनी त्या दिवशी मशीन लावलंच नाही, ते एक जुनं बेअरिंग पुसत बसले. थोरली आपल्या टेबलाशी उभी होती. टेबलावर तीन व्हॉल्व्ह, वही आणि पुठ्ठा ओळीनं मांडलेला होता.

"पत्र तयार आहे म्हणालात," रायडर म्हणाला.

धाकट्यानं उस्तादांकडे बघितलं. उस्ताद खाकरले. "आमच्याकडून चूक झाली," ते म्हणाले.

"ते मला माहीत आहे, उस्ताद. माझं हाड मोडलंय. ताईंकडून झाली ना?"

"वर्कशॉपकडून झाली."

"बाबा," थोरली म्हणाली. एवढंच म्हणाली. पण तिनं पुठ्ठा उचलून हातात घेतला होता.

उस्तादांनी त्या पुठ्ठ्याकडे बघितलं. मग धाकट्यापुढे हात केला. "आण ते पत्र. आणि पेन दे."

त्यांनी चष्मा चढवला, कागद तिच्याच टेबलावर ठेवला आणि ‘महिला कारागिराच्या अनवधानाने’ असलेलं पहिलं वाक्य एका रेघेनं खोडलं. त्याच्या वर, लिहायची सवय नसलेल्या माणसाच्या मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘थोरल्या मुलीने मनाई केलेली असताना मी, उस्ताद, व्हॉल्व्ह घासले.’ टिंबांच्या रेघेवर सही केली. मग रायडरकडे वळून तोंडानंही सगळं सांगितलं. पुठ्ठा, मळ समजून काढलेला लेप, बारीक कागद, आठ मायक्रॉन, सगळं. एकदाही ‘आम्ही’ म्हणाले नाहीत.

रायडरचे कान लाल झाले. "तुम्ही?" तो म्हणाला. "मी माझा जीव तुमच्या भरवशावर त्या गाडीवर टाकतो, आणि तुम्ही, उस्ताद, ताईंनी लिहून ठेवलेलं वाचलंही नाहीत?"

"वाचलं होतं," उस्ताद म्हणाले. "मानलं नाही."

रायडरनं डाव्या हातानं पत्र उचललं, पुन्हा वाचलं आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे राहिलंय खाली. ‘यापुढे काम अनुभवी कारागिराकडेच सोपवले जाईल.’ अनुभवी म्हणजे कोण?"

धाकटा काहीतरी बोलणार होता. उस्तादांनी हनुवटीनं थोरलीकडे दाखवलं.

"हिच्याकडे," ते म्हणाले.

रायडर तिच्याजवळ आला, वही चाळली, आकडे बघितले. "नवा संच मागवतोय, ताई. तुम्ही एकटीनं करणार असाल तरच आणतो."

"एकटीनंच करणार आहे," ती म्हणाली. आवाज अजून रागातच होता. तो रायडरवरचा नव्हता, पण त्या घडीला दुसरा आवाज तिच्याजवळ नव्हता. सगळे गेल्यावर आई म्हणेल, आता झालं ना मनासारखं. झालं नव्हतं. एका पत्रानं तिचं टेबल तिच्याकडे राहिलं, पण मागची वर्षं काही परत आली नव्हती.

तीन आठवड्यांनी नवा संच आला. थोरलीनं सीट कापल्या, धुतल्या, व्हॉल्व्ह मोजले, वहीत लिहिले. चारही ठोकळ्यात क्रमानं उभे केले. उस्ताद पलीकडच्या टेबलावर एका जुन्या टेम्पोचं हेड करत होते. या तीन आठवड्यांत बापलेकीत कामापुरतं बोलणं होत होतं, आणि ‘पान्हा द्या’, ‘घे’ याच्या पुढे ते गेलं नव्हतं.

एक वाजला. उस्तादांनी घड्याळाकडे बघितलं, फडक्याला हात पुसले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "तू हो पुढे. मला भूक ना..."

लेथ थांबला. काउंटरवरून धाकट्यानं मान वळवली. उस्तादांच्या लक्षात आलं आपण काय म्हणालो ते, आणि ते फडकं हातात धरून तसेच उभे राहिले.

"बाबा," थोरली म्हणाली, "आज तुम्ही व्हा पुढे."

त्यांनी ठोकळ्यातल्या चार व्हॉल्व्हकडे बघितलं. अंगठा बोटांवर घासला गेला, जसा तो पेस्ट चाचपताना घासला जायचा. मग त्यांनी फडकं खिळ्याला अडकवलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. त्यांचा डावा पाय घासत चालायचा, त्यामुळे आवाज दूरपर्यंत ओळखू यायचा. ती टेबलाशी उभी राहून ऐकत होती. कोपऱ्यापर्यंत आवाज गेला आणि थांबला. ती हलली नाही. खूप वेळानं तो पुन्हा सुरू झाला आणि घराच्या दिशेनं गेला.

तिनं हात धुतले, कोरडे केले आणि पहिला व्हॉल्व्ह उचलून पुन्हा मोजला. नऊशे पंच्याहत्तर. उजेडात उलटा करून कड बघितली. लेप जागेवर होता. तेल लावलं, गाईडमध्ये सोडला. तो स्वतःच्या वजनानं हलकेच खाली उतरला. मग दुसरा, तिसरा, चौथा. स्प्रिंगा चढवल्या, वरच्या चकत्या बसवल्या, चकत्या धरणाऱ्या बारीक पाचरी अडकवल्या. पोटात भुकेनं कावळे ओरडत होते, पण हातानं घाई केली नाही.

अडीच वाजता ती जेवायला निघाली तेव्हा हेड बंद झालेलं होतं.